गोष्ट पुरी होईपर्यंत

पुस्तक त्या नेहमी उलटं धरायच्या. चुकून नव्हे, मुद्दाम. समोर हरवलेलं पोर बसलेलं असायचं. कधी रडून रडून डोळे सुजलेलं, कधी अजिबात न रडता भिंतीकडे बघत राहिलेलं. त्या त्याला काही विचारायच्या नाहीत. चित्रांचं एक पुस्तक उघडून त्याच्यापुढं धरायच्या. त्यात झाडांची मुळं आभाळात आणि माणसं डोक्यावर उभी. मग गप्प बसायच्या. कधी पाच मिनिटं, कधी अर्धा तास. केव्हातरी एक मळका हात पुढं यायचा आणि पुस्तक सुलटं करायचा.

"शुक्रिया," त्या म्हणायच्या. "आपने ठीक कर दिया. मुझसे तो गड़बड़ हो जाती है."

चार वर्षांच्या पोरालाही त्या 'आप' म्हणायच्या. "आप पानी पिएँगे? आप यहाँ बैठेंगी?" मी साताऱ्याकडचा. आमच्याकडं लहान मुलाला कुणी 'आपण' म्हटलं तर ते मागं वळून बघेल. मला आधी त्याचं हसू यायचं. नंतर लक्षात आलं की जिला सकाळपासून सगळ्यांनी 'ए लड़की' म्हणून हाक मारलीय, ती त्या 'आप'नं जराशी सरळ होऊन बसते.

लखनौच्या चारबाग स्टेशनात आमच्या सिग्नल विभागाच्या ऑफिसपासून दोन दारं पलीकडं ती खोली होती. स्टेशनात सापडलेल्या मुलांना तिथं आणून बसवायचे. एक टेबल, दोन खुर्च्या, एक सतरंजी आणि गोष्टीच्या पुस्तकांनी भरलेली पत्र्याची ट्रंक. पुस्तकांचे कोपरे चावलेले, पानांवर चहाचे डाग, पाठीला चिकटपट्टी. त्या स्वतः निवृत्त शिक्षिका होत्या. उभा जन्म पहिलीचा वर्ग शिकवला आणि निवृत्तीनंतर रोज सकाळी अमीनाबादहून ई-रिक्षानं इथं येऊ लागल्या. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं, पगार नव्हता. हवालदार, हमाल, चहावाले, सगळे त्यांना 'आपा', म्हणजे थोरली बहीण, म्हणत. मीही तेच म्हणायला लागलो.

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. ऑफिसच्या कुठल्या तक्त्यावर त्यांचं नाव नसतं, पण ती आली नाहीत तर चार जण विचारतात, आज कुठं गेल्या?

आमची ओळख पंख्यामुळं झाली. खोलीतला पंखा करकरायचा आणि त्या आवाजानं मुलं दचकतात, हे सांगायला त्या माझ्याकडं आल्या. पंखा माझ्या खात्यात येत नाही, असं मी म्हटलं नाही, एवढं एक चांगलं केलं. पंखा नीट होईपर्यंत मी तिथं उभा होतो आणि त्यांचं ते उलटं पुस्तक बघत होतो. न राहवून माझ्या हिंदीत विचारलं, "आपा, नाव-गाव आधी का विचारत नाही? वेळ वाचेल."

"पहले तस्वीर, फिर सवाल," त्या म्हणाल्या. हे त्यांचं ठरलेलं वाक्य. दिवसातून दहा वेळा तरी म्हणत असतील. मग थोडं थांबून म्हणाल्या, "साहब, जो बच्चा खो गया, उसके लिए सब ख़त्म हो चुका है. उससे पता क्या पूछना? किताब में आगे का पन्ना होता है. पहले उसे इतना तो दिखे कि आगे कुछ है."

मी मान डोलावली. खरं सांगायचं तर मला ते शिक्षकी बोलणं वाटलं.

मग मार्चमधली ती सकाळ आली. साडेदहाच्या सुमाराला हवालदार माझ्या दारात उभे राहिले. अंगानं भरदार, स्वभावानं भला, पण कायम घाईत असलेला माणूस. "साहब, आपा बुला रही हैं. एक बच्ची है, पैसे माँग रही है. वो भी अंग्रेज़ी में."

खोलीत सतरंजीवर एक सहा-सात वर्षांची मुलगी बसली होती. पिवळा फ्रॉक, पायात काही नाही. मुंबईकडून आलेली गाडी उभी होती, त्या फलाटावर ही नळाशी एकटीच उभी होती. तासभर तिनं तोंड उघडलं नव्हतं. पुस्तक तेवढं सुलटं केलं होतं.

"एक ही लफ़्ज़ बोलीं," आपा म्हणाल्या. "मनी. इधर उँगली रखकर."

बोट होतं तिथं एक मांजर होतं. राखाडी, शेपटी वर केलेलं.

"आपा, ती पैसे नाही मागत," मी म्हटलं. "मनी म्हणजे मांजर. आमच्यात मांजरीला मनी म्हणतात. ये मराठी है."

मी खाली बसून तिला विचारलं, "नाव काय बाळ तुझं?" तिनं माझ्याकडं पाहिलं आणि पुन्हा मिटून गेली. आपांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी विचारण्याची घाई केली होती.

एवढ्यात तो आला.

तिशीचा असेल. स्वच्छ शर्ट, खांद्याला बॅग, घामाघूम. "सापडली! सापडली हो!" म्हणत तो दारातच गुडघ्यांवर बसला. "पिंकी, कुठं गेली होतीस गं? मामा पाणी आणायला उतरला तर तू गायब!" त्यानं लाउडस्पीकरवरची घोषणा ऐकली होती. तिथून धावत आला होता. मी मराठी आहे हे कळल्यावर त्यानं माझे दोन्ही हात धरले. "साहेब, तुम्ही आपले आहात म्हणून बरं झालं. नाहीतर या परमुलखात आमचं कोण ऐकणार? बहिणीची पोर आहे. चार दिवस लखनौ दाखवायला आणली, तर हे असं झालं."

त्याच्याजवळ आधार कार्ड होतं. मोबाईलवर मुलीचा फोटो होता. हवालदारांनी दोन्ही पाहिलं. चार वाजता मुलीला बालकल्याण समितीपुढं न्यायचं होतं. त्याआधी नातेवाइकाचे कागद तयार झाले तर काम सोपं होणार होतं. हवालदारांनी माझ्यापुढं एक कागद ठेवला. मुलीची भाषा मराठी, मामाची भाषा मराठी, दोघांचं बोलणं मी स्वतः ऐकलं, इसम विश्वासू वाटतो, असं त्यावर लिहिलं होतं.

मी सही केली.

आज हे लिहिताना हात अडतो. पण तेव्हा अडला नाही. लखनौत माझी सहा वर्षं झाली होती. घरात माझी मुलगीसुद्धा माझ्या मराठीला 'अच्छा पप्पा, ठीक है यार' असं उत्तर देते. त्या माणसाच्या तोंडून 'साहेब, तुम्ही आपले' ऐकलं आणि माझं डोकं तिथंच थांबलं. मुलीनं त्याला पाहून ना रडं फोडलं, ना धाव घेतली. ती फक्त पुस्तक छातीशी घट्ट धरून बसली. मला वाटलं, दमली असेल.

आपांनी तो मोबाईल मागून घेतला आणि चष्मा वर करून फोटो बराच वेळ पाहिला. मग माझ्याजवळ येऊन हलक्या आवाजात म्हणाल्या, "यही फ़्रॉक है. पीछे रेल की खिड़की है. मामा के पास भांजी की एक ही तस्वीर है, और वो भी आज की?"

"असतं एखाद्याचं," मी म्हटलं. "तो घाबरलाय बिचारा. मराठी किती साफ बोलतो बघा."

त्यांनी माझ्याकडं जसं पाहिलं, तसं पहिलीतल्या ढ मुलाकडं बघत असतील. "इंजीनियर साहब, मराठी बोलने से कोई मामा नहीं हो जाता."

हवालदार घड्याळ बघत होते. "आपा, काग़ज़ पूरा है. बच्ची कुछ बोल नहीं रही. कब तक बैठेंगे?"

"किताब पूरी होने तक," आपा म्हणाल्या.

त्यांनी माझ्या हाताला धरून मला सतरंजीवर बसवलं. पुस्तक हिंदी होतं. "आप पढ़िए. अपनी ज़बान में." तो माणूस दाराशी उभा राहिला, चौकटीला टेकून. त्याला बाहेर बाकावर बसायला सांगितलं, पण तो म्हणाला, "राहू द्या, पोरगी मला बघून शांत राहील."

गोष्ट साधी होती. मांजराचं एक पिल्लू धोब्याच्या कपड्यांत शिरतं आणि दुसऱ्या मोहल्ल्यात जाऊन पडतं. मी हिंदी ओळी वाचून तोंडानं मराठी करत होतो. आवाज कोरडा येत होता. असं काही मी माझ्या मुलीलाही कधी वाचून दाखवलं नव्हतं. तिच्या आजीनं साताऱ्याहून पाठवलेली पुस्तकं माळ्यावर खोक्यात पडून होती.

"मग ते पिल्लू धोब्याच्या गाठोड्यात..."

"बोचक्यात," मुलगी म्हणाली.

आपांना शब्द कळला नव्हता, पण आवाज कळला होता. त्या अगदी सहज, जणू पुस्तकातलंच विचारावं तशा मला म्हणाल्या, "इनसे पूछिए, बिल्ली का बच्चा गठरी में गया कैसे?"

"मनीचं पिल्लू बोचक्यात कसं गं गेलं?" मी विचारलं.

मुलीनं चित्रातल्या पिल्लावर बोट ठेवलं. बोट काढलं नाही, वर पाहिलं नाही. बारीक आवाजात म्हणाली, "ते आपलं आपलं नाही गेलं. त्याला सांगितलं, तुझी माय पुढच्या डब्यात बसलीय, चल. मग गाडी सुटली. माय नव्हतीच डब्यात."

"कोणी सांगितलं?"

तिची नजर सतरंजीवरून सरकत सरकत दारापाशी गेली आणि त्याच्या बुटांवर जाऊन थांबली.

त्या खोलीत मराठी समजणारी माणसं तीनच होती. ती, मी आणि तो. मी मान वर केली. तो माझ्याकडंच बघत होता. बाहेर कुठल्याशा गाडीची घोषणा चालू होती. तो हसला आणि हळूच, फक्त माझ्यासाठी म्हणाला, "साहेब, पोरगी भेदरलीय. काहीबाही बोलतेय. आपल्या माणसानं आपल्या माणसाला समजून घ्यायला नको का?"

"क्या कहा बच्ची ने?" आपांनी मला विचारलं.

मला तो क्षण फार लांब वाटला. माझ्या सहीचा कागद टेबलावर पंख्याच्या वाऱ्यानं फडफडत होता. मी चुकलो असेन तर एका निरपराध माणसाला सगळ्यांपुढं चोर ठरवणार होतो. आणि गप्प राहिलो तर काय होईल, ते मनात आणवत नव्हतं. मी हवालदारांकडं वळलो आणि मुलीचं बोलणं शब्दाला शब्द हिंदीत सांगितलं.

"चहा सांगून येतो," म्हणून तो चालू लागला. पळाला नाही, चालू लागला. हवालदार म्हणाले, "रुकिए." तेव्हा मात्र तो धावला. ज्या हवालदारांना मी फक्त घाईत पाहिलं होतं, ते किती जोरात धावू शकतात हे मी त्या दिवशी पाहिलं. पण पकडलं ते हमालांनी, पुलाच्या पायऱ्यांशी, सामानाच्या दोन हातगाड्या आडव्या घालून. मी उठून खिडकीतून बघत होतो. मी मागं वळलो, टेबलावरचा कागद घेतला आणि माझी सही खोडली. एकदा खोडून समाधान होईना, म्हणून पुन्हा पुन्हा खोडली. कागद फाटला.

त्या माणसाच्या मोबाईलमध्ये आणखी काय निघालं ते मला कळलं नाही. आपांनी मला विचारूही दिलं नाही.

"बैठिए," त्या म्हणाल्या.

"आपा, आता गाव विचारू या. तिची आई शोधायला हवी. एकेक मिनिट..."

"किताब."

"आपा, पोलीस थांबलेत..."

"बीच में मत छोड़िए, साहब. अभी छोड़ देंगे तो ये गठरी में ही रह जाएँगी."

मी बसलो. एव्हाना दारात आठ-दहा जण जमले होते. मी पान उलटलं. पिल्लू बोचक्यातून बाहेर पडलं. परक्या मोहल्ल्यातल्या कुत्र्याला भ्यालं. एका म्हाताऱ्या गाढवानं त्याला पाठीवर घेतलं. पुढच्या पानावर गल्ली चुकली. मुलगी माझ्या गुडघ्याशी सरकली. त्याच्या पुढच्या पानावर ओळखीचा निळा दरवाजा आला आणि दारात मनी. मुलीनं पुस्तक माझ्या हातातून घेतलं आणि ते पान बराच वेळ बघत राहिली. मग मी काहीच न विचारता म्हणाली, "माझी माय भजी तळते. भुसावळला. पुलाखाली गाडा आहे. माझं नाव कार्तिकी."

रेल्वेतल्या माणसाला भुसावळला फोन लावायला कितीसा वेळ लागतो? पण त्या दिवशी लागला. पहिला नंबर व्यस्त होता, दुसरा उचलला नाही, तिसऱ्यावर एक जुना सहकारी सापडला. तो स्टेशनच्या पोलीस चौकीत स्वतः चालत गेला. आदल्या दिवसापासून एक बाई तिथल्या बाकावरून उठलीच नव्हती, असं त्यानं सांगितलं. चहा नाही, पाणी नाही. त्यानं फोन तिच्या हातात दिला. मी माझा फोन कार्तिकीच्या कानाला लावला.

पलीकडून नुसता श्वास येत होता. मग, "कार्तिके?"

पोरगी बोलेना. ओठ आवळून उभी राहिली. बाई पलीकडं "बोल गं, बोल गं माझी माय" म्हणत रडायला लागली. मी घाबरलो. आपांनी माझ्या मनगटावर हात ठेवला, थांबा म्हणून.

मग कार्तिकी म्हणाली, "माय, मनी घरी पोचली."

आणि तेव्हा कुठं रडली. सकाळपासूनचं सगळं रडली. आपांनी तिला जवळ घेतलं नाही, नुसत्या शेजारी बसून राहिल्या. ती स्वतःच त्यांच्या मांडीत शिरली.

आई तिसऱ्या दिवशी आली. समितीनं रीतसर मुलगी तिच्या हवाली केली. दोघींना मी गाडीत बसवून दिलं. आपा फलाटावर आल्या नाहीत. त्या कधीच कुणाला पोचवायला जात नसत. "मेरा काम इस दरवाज़े तक है," म्हणायच्या. परत आलो तेव्हा त्या ट्रंकेतली पुस्तकं लावत होत्या. मी विचारलं, "आपा, तुम्हाला कसं कळलं तो मामा नाही?"

"मुझे नहीं पता था," त्या म्हणाल्या. "मुझे बस जल्दी नहीं थी."

त्या रविवारी मी माळ्यावरचं खोकं खाली काढलं. त्यातली निम्मी पुस्तकं आपांच्या ट्रंकेत गेली. निम्मी घरात राहिली, आणि आमची कन्या "पप्पा, ये वर्ड क्या है यार?" म्हणत का होईना, शेजारी येऊन बसू लागली. दुपारच्या सुट्टीत मी आपांच्या हिंदी पुस्तकांत चित्रांखाली पेन्सिलीनं मराठी ओळी लिहायचो. त्या अक्षर तपासायच्या. मराठी येत नव्हतं, पण लिपी तीच. "ये 'ळ' क्या बला है?" म्हणून एकदा खूप हसल्या होत्या. तीन-चार वेळा ते अक्षर म्हणायचा प्रयत्न केला आणि शेवटी सोडून दिला.

गेल्या हिवाळ्यात त्या जिन्यात पडल्या. माकडहाड दुखावलं, मग छातीत कफ झाला. मी भेटायला गेलो. अमीनाबादेत एका कापड दुकानाच्या वरची खोली. खाली गिऱ्हाइकांचा कल्ला, वर त्या रजईत एवढ्याशा झालेल्या. भाची सेवेला होती. तिनं सांगितलं, तीन दिवस झोप नाही, बोलणं नाही.

बॅगेत माझ्या मुलीचं एक पुस्तक होतं, एका आळशी उंटाचं. आपांनी ते पाहिलं. "सुनाइए," म्हणाल्या.

"हिंदीत सांगतो."

"नहीं. अपनी ज़बान में."

मी वाचलं. त्यांना किती कळत होतं कुणास ठाऊक. विनोद नव्हता तिथं त्या हसत होत्या, नुसत्या शब्दांच्या आवाजाला. मध्येच डोळे मिटले. झोपल्या असं समजून मी पुस्तक मिटणार, तोच डोळे न उघडता म्हणाल्या, "ऊँट पहुँचा कि नहीं?"

"अभी नहीं, आपा."

"तो?"

मी शेवटपर्यंत वाचलं. उंट पोचला. त्या खरंच झोपल्या होत्या. भाची मला जिन्यापर्यंत सोडायला आली तेव्हा म्हणाली, "पुढच्या रविवारी याल? यांना बरं वाटेल."

पुढच्या रविवारी मी दुसरं पुस्तक घेऊन निघालो. हे जाड होतं, चार गोष्टींचं. एक आज, बाकीच्या पुढच्या खेपांना, असा हिशेब मनात होता. गल्लीच्या तोंडाशी रिक्षा सोडली. कापडाचं दुकान बंद होतं. दारापुढं प्लॅस्टिकच्या खुर्च्या मांडल्या होत्या आणि डोक्यावर रुमाल घेतलेली माणसं बसली होती. त्यात आमचे हवालदारही होते, साध्या कपड्यांत. त्यांनी मला पाहिलं आणि शेजारच्या खुर्चीवरची आपली शाल उचलली.

मी बसलो. पुस्तक मांडीवर होतं. ते कुठं ठेवावं ते मला कळेना.